तुम्ही द्याल ते चालेल

आमच्या ताईंना दुकानात सगळे 'चालेलताई' म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. चहा हवा की कॉफी, असं विचारलं की म्हणायच्या, "चालेल." अहो, काय चालेल? "जे केलं असेल ते." पंखा लावू की बंद करू? चालेल. सुट्टी शनिवारी घेता की सोमवारी? चालेल. एकदा काचा घासणाऱ्या माणसाने मुद्दाम विचारलं, "ताई, विष देऊ का?" तर मान वर न करता म्हणाल्या, "चालेल, पण अर्धा कपच."

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. मी धाकट्या भावाची बायको. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी कशी वागले ते ऐकल्यावर 'ही कोण बया' असं विचारायची वेळ यायला नको. मी साधी बाई नाही, आणि तसा आवही आणत नाही.

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम ताई बावीस वर्षं करत होत्या. दुकान पुढून चकाचक, पण मागे पडद्याआड त्यांची खोली म्हणजे एक कपाटच. अक्षरांचा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो, आणि खोली होती जेमतेम तीन मीटरची. म्हणून समोर आरसा, आणि खुर्चीच्या मागे उलट्या अक्षरांचा तक्ता. माणूस आरशात बघून वाचणार. अंधार, नाकावर ती जड लोखंडी फ्रेम, आणि ताई एकेक काच सरकवत विचारणार, "हे बरं की हे? आता बरं दिसतं की आधी?" दिवसाला तीस माणसं धरली तरी बावीस वर्षांत किती लोकांना हा प्रश्न विचारला असेल बघा. लोक कंटाळायचे. "दोन्ही सारखंच आहे हो." ताई म्हणायच्या, "सारखं नसतं. घाई करू नका, परत दाखवते." चष्मा मिळावा म्हणून खोटं बोलणारी पोरं, तक्ता पाठ करून येणारे म्हातारे, सगळे त्यांना बरोबर कळायचे. मालक उघड सांगायचे, "माझा नंबर चुकेल, हिचा चुकणार नाही."

आणि ही बाई स्वतः काय? एकदा तिच्यासाठी स्थळ आलं होतं, चांगलं होतं. 'चालेल' म्हणाली. मग वडील आजारी पडले, घरच्यांनी सांगितलं जरा थांब. 'चालेल' म्हणाली. वडील गेले, तोवर तो माणूस थांबून थांबून दुसरीकडे गेला. मला राग यायचा हो. अहो, माणसाने एकदा तरी आदळआपट करावी! पण तो राग माझ्या सोयीचाही होता, ते पुढे येईलच.

ताई आणि माझ्या सासूबाई दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाईंचे डोळे काचबिंदूने गेले, पूर्ण गेले. पोरगी जन्मभर लोकांचे डोळे तपासते आणि आईचं कळलं तेव्हा उशीर झाला होता. हे ताईंच्या मनातून कधी गेलं नाही. डोळे गेले तेव्हा माझा नवरा म्हणाला, "आईला आता या घरातून हलवायचं नाही. हे घर तिला पाठ आहे. दुसरीकडे नेलं तर ती खचेल." हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं, की डॉक्टरांनीच तसं सांगितलंय असं आम्हा सगळ्यांना वाटायला लागलं. कोणत्याही डॉक्टरने असं काही सांगितलं नव्हतं.

तर नवऱ्याची बदली झाली. चार वर्षांसाठी, परदेशात. मी कुरियरच्या ऑफिसात नोकरी करायचे, तिचा राजीनामा देऊनही झाला. तिकिटं आली. आणि घरी अजून पत्ता नाही! मी म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? जा आणि सांग." तर म्हणतो, "घरी सांगितलं तर आई रडेल, आईचं बघून ताई रडेल. ताईला आधी बाहेर नेऊन सांगू. हॉटेलात माणूस रडत नाही." त्याच्या ऑफिसने निरोप म्हणून तिघांच्या जेवणाचं कूपन दिलं होतं. नवं हॉटेल, पेरू देशाचं आणि जपानचं जेवण एकत्र केलेलं. म्हणे त्या देशात जपानी लोक शंभर वर्षांपूर्वी जाऊन राहिले, आणि दोघांच्या चुली एक झाल्या.

सासूबाईंना फोनवर सांगितलं की ताईंना पेरू-जपानी जेवायला नेतोय. त्या म्हणाल्या, "माशांत पेरू? बिया दाताखाली येतील गं, जपून."

नवऱ्याचा बेत सोपा होता. तीन पदार्थ मागवायचे, दुसऱ्या पदार्थाला विषय काढायचा, "आईला तू बघशीलच ना?" ताई म्हणणार चालेल, गोड काहीतरी खायचं, घरी यायचं. "ती कधी नाही म्हणाली आहे का?" तो म्हणाला. आणि समजा 'नाही' म्हणालीच, तर? तर सासूबाईंपाशी कुणीतरी राहायलाच हवं. नवरा तर जाणारच होता. मग कोण उरलं? लग्नानंतरची पहिली तीन वर्षं मी त्या दोन खोल्यांत काढली होती. सासूबाई वाईट नाहीत, पण कान असे तिखट की मी उशीवर कूस बदलली तरी सकाळी विचारायच्या, झोप लागली नाही का. तिथून सुटले तेव्हा मी रिकाम्या नव्या घरात एकटीच मोठ्याने गायले होते. पुन्हा तिथे चार वर्षं, एकटी? नको रे बाबा.

शनिवारी दुपारी साडेबाराला पोचलो. हॉटेल म्हणजे एक लांबट, अरुंद खोली. टेबलं नाहीतच. एक लाकडी काउंटर, त्याच्यापुढे उंच खुर्च्या, पाठ टेकायला काही नाही, आणि मागे भिंत इतकी जवळ की एकाला उतरायचं तर शेजारच्याने आधी उतरायला हवं. ताईंना आम्ही मध्ये बसवलं. एका बाजूला तो, एका बाजूला मी. आता आठवलं की अंगावर काटा येतो, आरोपीला बसवतात तसं बसवलं होतं.

काउंटरपलीकडे आचारी. पन्नाशीचा, मूळचा पेरूचा पण मराठी स्वच्छ, डोक्याला निळं फडकं बांधलेलं. त्याने हसून विचारलं, "यादीतून मागवणार, की काय द्यायचं ते माझ्यावर सोडणार?"

नवरा यादी उघडत होता, तेवढ्यात आमच्या ताई म्हणाल्या, "तुम्ही द्याल ते चालेल."

झालं! आचाऱ्याने दोन्ही हात जोडल्यासारखे केले, वाकला, आणि आमच्या हातातल्या याद्या काढून घेतल्या. मग कळलं की तिथे असं म्हटलं की त्याचा एक ठरलेला अर्थ असतो. चौदा पदार्थ, एकामागून एक, त्याच्या मर्जीने. एकाने घेतलं की बरोबरच्या सगळ्यांनी घ्यायचं. अडीच तास. नवरा म्हणाला, "अहो, तसं नाही, ती सहज म्हणाली." आचारी म्हणाला, "असं सहज कुणी म्हणत नाही, साहेब. माझा मान केला त्यांनी." आणि त्याने सुरी उचलली. ताई कानाशी लागून मला म्हणाल्या, "मी काही चुकीचं बोलले का गं?"

पहिल्यांदा आला एक इवलासा ग्लास, त्यात पांढरट पाणी. लिंबाचा रस, मासळीचा अर्क, मिरची. आचारी म्हणाला, त्यांच्याकडे याला वाघाचं दूध म्हणतात. नवरा म्हणाला, "वाघिणीचं ऐकलं होतं, वाघाचं कसं काढतात?" आणि स्वतःच हसला. मी एका घोटात प्यायले, डोळ्यांतून पाणी आलं. ताईंनी मात्र तो ग्लास उजेडाकडे धरून आधी नीट बघितला, सवयच ती.

मग सुरू झालं ते थांबेचना. कच्च्या माशाच्या पातळ चकत्या, वर पिवळ्या मिरचीचा रस. गार बटाट्याची दाबलेली वडी, तिच्यावर लाल मासा. आणि प्रत्येक पदार्थाबरोबर भाषण! हा मासा कुठला, तांदूळ किती वेळा धुतला, आजोबा जपानहून पेरूत कसे आले, आजीने त्यांना मिरची खायला कशी शिकवली. नवरा तोंड उघडायचा, की आचारी सुरू. आचारी थांबायचा, की म्हणायचा, "आता लगेच खा. लिंबू माशाला विस्तवाशिवाय शिजवतं, ते थांबत नाही. दोन मिनिटं ठेवलंत तर मासा चिवट होईल." मग आम्ही तिघं मुकाट्याने मान खाली घालून खायचो. नवऱ्याचा बेत पार फसला होता. कधी सांगू, कधी सांगू, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, आणि मला आतून हसूही येत होतं आणि घामही फुटत होता.

चौथ्या पदार्थानंतर ताई म्हणाल्या, "मला जरा हात धुवायचेत. तू येतेस?" मी खाली उतरले, मग त्या उतरल्या.

हात धुवायच्या जागी आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, मला छोटूला एक सांगायचंय आज." छोटू म्हणजे माझा नवरा. वय बेचाळीस, वजन सांगत नाही. "मालक बंदराच्या गावी नवं दुकान काढतायत. मला म्हणाले, तू सांभाळ. सगळं तूच बघायचं. वरती राहायला खोलीही आहे."

मी म्हटलं, "कधी?"

"पुढच्या महिन्यात. आज सहाच्या आत सांगायचंय. नाहीतर ते आमच्या दुकानातल्या दुसऱ्या मुलीला देणार." त्यांनी नळ बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा बंद केला. "मी बघून आले गं एकदा. तुम्हाला कुणाला बोलले नाही. तपासणीची खोली, तुला सांगते, सरळ सहा मीटर आहे! मी पावलांनी मोजली, मग टेप मागून मोजली. आरसा लागणारच नाही. समोर तक्ता, सरळ अक्षरं. आणि खिडकी आहे. तपासणीच्या वेळी पडदा ओढायचा, एरवी उघडी."

खिडकीचं सांगताना बाईचा चेहरा असा झाला होता की मी बघतच राहिले. सोळा वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता.

"आणि आई?" मी विचारलं. मलाच विचारायचं होतं ना ते.

"तेच तर. आईला हलवता येत नाही. तुम्ही दोघं तिथे राहायला गेलात तर... कायमचं नाही गं. दोन वर्षं. तोवर दुकान रुळावर येईल. मी दर आठवड्याला येईन. मला माहितीये, तुला तिथे आवडत नाही." माझा हात धरला त्यांनी, ओल्या हाताने. "मी आजपर्यंत छोटूकडे काही मागितलं नाही. मला मागताच येत नाही, जीभच वळत नाही. मी विषय काढला की तू फक्त माझ्या बाजूने एक वाक्य बोल. बोलशील?"

खरं काय ते तेव्हाच सांगायला हवं होतं. की ताई, आम्ही चाललोय. तिकिटं कपाटात आहेत. हे जेवण तुमच्यासाठी नाही, आमच्यासाठी आहे. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मी म्हटलं काय? "हो, बोलेन की." आणि त्यांनी माझा हात दाबला. त्या हाताची आठवण आली की मला अजून कसंतरी होतं.

परत येऊन बसलो. पाचवा पदार्थ, सहावा. आता मधल्या खुर्चीवर एक बाई धीर गोळा करत होती, डावीकडे तिचा भाऊ धीर गोळा करत होता, आणि दोघांचंही गुपित पोटात घेऊन मी मिठाची गुळणी धरून बसले होते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी पाठ टेकायला काही नसलेल्या त्या उंच खुर्चीवर. मला वाटत होतं, आचाऱ्याने बोलत राहावं. जपानपासून सुरू करावं, आजोबांच्या बोटीचं प्रत्येक बंदर सांगावं, पण थांबू नये.

सातव्याला तो थांबला. बर्फाच्या चुऱ्यावर ठेवलेल्या शिंपल्या होत्या, त्यात माशाचे तुकडे, टपोरे पांढरे मक्याचे दाणे, कांदा. बश्या ठेवल्या आणि तो मागे वळला, भाताचं भांडं बघायला.

ताईंनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. "छोटू," म्हणाल्या, "मला तुझ्याशी एक बोलायचं होतं. दुकानाचं."

"दुकानाचं काय?" तो म्हणाला.

"म्हणजे... मालक म्हणत होते..." आणि त्या माझ्याकडे वळल्या. नुसतं बघितलं. आता बोल, असं.

आणि मी बोलले. मी म्हणाले, "ताई, आधी खाऊन घ्या. गार होईल."

माझ्या तोंडून ते आपोआप आलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. जेवायला बसलेल्या माणसाला आपण म्हणतोच ना. पण आपोआप नव्हतं. मला ती वेळ टाळायची होती, आणि हाताशी तेवढंच वाक्य सापडलं.

क्षणभर कुणालाच कळेना. मग नवरा खो खो हसला. "गार होईल? अगं, बर्फावर ठेवलंय ते!" आचारी वळला, त्याला सांगितलं, तोही हसला, पलीकडच्या खुर्च्यांवरचं अनोळखी जोडपंसुद्धा हसलं. "माझ्या वीस वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं," आचारी म्हणाला. मीही हसले. आणि ताईही हसल्या. हसल्या, काड्या उचलल्या, आणि मासा खाल्ला. चव छान आहे, म्हणाल्या. माझ्याकडे पुन्हा बघितलं नाही.

दुकानाचं काय ते नवऱ्याने परत विचारलंच नाही. त्याला वाटलं असेल, दुकानात काय असतं, नवी काच आली असेल. वाईट माणूस नाही तो. बहिणीच्या वाढदिवसाला न चुकता फोन करतो. पण समोरच्याचं अर्धं राहिलेलं वाक्य त्याला ऐकूच येत नाही, घरात सगळ्यांनी लाडावून ठेवलेला.

नववा पदार्थ म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेली कोंबडीची काळजं, वर लाल मिरची आणि जपानी सोयाचा गोडसर मुलामा. आचाऱ्याने नाव सांगितलं आणि नवऱ्याला धागा सापडला. "ताई," तो म्हणाला, "आईच्या काळजाचा तुकडा खरं तर तूच. आम्ही आपले नावाला." घसा खाकरला. आणि सगळं सांगून टाकलं. बदली, चार वर्षं, पुढच्या महिन्याच्या पाच तारखेची तिकिटं. "आईला तर हलवायचं नाही. तू आहेस म्हणून मी निर्धास्त जाऊ शकतो. नाहीतर हिलाच मागे ठेवावं लागेल, नाही का?" असं म्हणून माझ्याकडे हात दाखवला. "बघशील ना आईला? चालेल ना तुला?"

ताई काडीवरच्या त्या तीन तुकड्यांकडे बघत होत्या. मला वाटलं, आता तरी 'नाही' म्हणेल. म्हण गं बाई, म्हण! आणि त्याच वेळी माझ्या मनात दुसरं, खालून, अगदी स्पष्ट चाललं होतं, की म्हणू नकोस, म्हणू नकोस. दोन्ही माझंच होतं. मी काय खोटं सांगू?

"कळवलं असतंस आधी," त्या म्हणाल्या.

"सरप्राइज होतं गं."

"हो का." मग पाणी प्यायल्या. "चालेल."

गंगेत घोडं न्हालं एकदाचं. नवऱ्याने ताईंच्या खांद्यावर हात टाकला, डोळे पुसले. हॉटेलात माणूस रडत नाही म्हणणारा हाच. आणि अजून पाच पदार्थ बाकी होते! ते कुणाच्या लक्षातच नव्हतं. दहावा आला, अकरावा आला. भात, वर लालभडक तापवलेल्या लोखंडाने डागलेला मासा. सूप. मला एक घास जाईना. उठावं आणि निघून जावं असं वाटत होतं, पण 'द्याल ते चालेल' म्हटलेल्या माणसांना तिथून चौदाव्याशिवाय सुटका नाही. ताई मात्र प्रत्येक बशी पुसून खात होत्या. आचाऱ्याला मान हलवून दाद देत होत्या. शेवटी जांभळ्या मक्याचं गोड काहीतरी आलं, तेव्हा आचारी वाकून त्यांना म्हणाला, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. पूर्ण विश्वास टाकलात." त्या म्हणाल्या, "तुमचा हात चांगला आहे."

साडेतीनला त्यांना दुकानापाशी सोडलं. सहाच्या आत सांगायचं होतं ना. गाडीतून मी बघितलं, त्या पायऱ्या चढल्या, काचेचं दार ढकललं, आणि आत मालक उभे राहिले. पुढे गाडी वळली. नवरा म्हणाला, "बघ, किती सहज झालं. तू उगाच घाबरत होतीस."

बंदराच्या गावचं दुकान त्या दुसऱ्या मुलीला मिळालं. तिला शिकवायला म्हणून ताई आठवडाभर तिथे जाऊन आल्या, एवढंच. हे मला कुणी सांगितलं? ताईंनीच, फोनवर. हवा चांगली आहे म्हणाल्या. हात धुवायच्या जागी आमचं काय बोलणं झालं होतं, त्यावर त्या एक अक्षर कधी बोलल्या नाहीत. टोमणा नाही, काही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी इथून काहीबाही पाठवत राहिले, स्वेटर, चॉकलेटं, आईंसाठी बोलणारं घड्याळ. प्रत्येक वेळी उत्तर यायचं, "पोचलं. छान आहे. कशाला गं एवढं?"

चाराची सहा वर्षं झाली. नवऱ्याची मुदत वाढली, वाढतच गेली. ताईंना विचारलं का? विचारलं की. चालेल म्हणाल्या.

आता गेल्या रविवारचं सांगते. मी दर रविवारी फोन करते. ताई बाजारात गेल्या होत्या, सासूबाईंनी उचलला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "काल दुकानाचे मालक आले होते मला भेटायला. थकलेत आता. बोलता बोलता बोलून गेले, की तिला बंदराचं दुकान देत होतो. तुला माहीत होतं का गं?"

मी फोन या कानावरून त्या कानाला लावला.

"माहीत होतं वाटतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्यापासून काय लपणार, श्वासावरून ओळखतात. "ती माझ्यासाठी नाही म्हणाली म्हणे. आईला घरातून हलवता येत नाही, असं सांगितलं त्यांना. कोण म्हणालं असं? मला एकदा विचारायचं तरी! मी गेले असते की तिच्याबरोबर."

"आई, पण हे घर तुम्हाला..."

"या घरात माझं काय पुरलंय? दिसत तर कुठेच काही नाही. इथे दिवसभर काय ऐकायचं, खालचा पाण्याचा पंप? तिथे निदान समुद्र ऐकला असता. पोरीने एवढं शिकून त्या कोंदट खोलीत जन्म काढला, तो माझ्यामुळे. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या." मग आवाज खाली गेला. "तिला मात्र सांगू नकोस हं, मी असं म्हणाले ते. तिला कळलं की मी आले असते, तर ती आता मोडून पडेल. आईची शपथ आहे तुला. नवऱ्यालाही सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तेवढ्यात तिकडे दार वाजलं, पिशव्या ठेवल्याचा आवाज आला. "कोण आहे गं आई?" "छोटूची बायको आहे." मग फोन हातात घेतल्याची खरखर, आणि ताईंचा दम लागलेला आवाज, "बोल गं. काय म्हणत होतीस?"

"काही नाही, ताई," मी म्हणाले. "सहजच केला होता."